विभागांशी संपर्क: विषय-ग्रंथपालाने सुरुवात कोठून करावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की विषय-ग्रंथपाल म्हणून आपल्याकडे तीन विभाग सोपवण्यात आले, सत्राच्या आरंभी आपण तेथील सुमारे चाळीस प्राध्यापकांना ग्रंथालयाच्या सर्व सेवांची माहिती देणारा सविस्तर ईमेल पाठवला आणि उत्तर आले ते फक्त दोघांचे. माझे थोडक्यात उत्तर असे, की त्या दोघांपासून सुरुवात करावी आणि उरलेल्यांना स्मरणपत्र पाठवू नये.

प्राध्यापकांना ग्रंथालयाविषयी अनास्था असते, असा निष्कर्ष आपल्या व्यवसायात फार लवकर काढला जातो. माझा अनुभव वेगळा आहे. प्राध्यापकाचे वर्ष अभ्यासक्रमाची फेररचना, संशोधन प्रस्तावांच्या मुदती, प्रबंध सादर होण्याचे महिने आणि परीक्षा यांत वाटले गेलेले असते, तर आपले वर्ष ग्रंथखरेदीचा निधी आणि नियतकालिकांच्या वर्गणीचे नूतनीकरण यांभोवती फिरते. ही दोन वेळापत्रके कोणी शेजारी ठेवून पाहत नाही, म्हणून आपले पत्र नेहमी चुकीच्या आठवड्यात पोहोचते. नवा अभ्यासक्रम मंजूर झाल्यानंतर त्याची पुस्तके उपलब्ध आहेत का, असे विचारले जाते. तो प्रश्न मसुदा तयार होत असतानाच विचारला जावा, यासाठी ग्रंथपालाला विभागाच्या बैठकीत बसण्याची जागा मिळवावी लागते, आणि ती मागून सहसा मिळत नाही.

ती मिळवण्याचा मला उपयोगी पडलेला मार्ग सांगतो. विभागात अलीकडे मान्य झालेले दहा प्रबंध घ्यावेत आणि त्यांच्या संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद आपल्या तालिकेत तपासावी. काम कंटाळवाणे आहे, चार-पाच दिवस सहज जातात. परंतु ते संपल्यावर या विभागातील संशोधक प्रत्यक्षात काय वाचतात, त्यातले किती आपल्याकडे आहे आणि उरलेले त्यांनी बाहेरून मिळवले असणार, हे आपल्याला विभागप्रमुखांपेक्षाही नेमके ठाऊक असते. मी असा दोन पानी तक्ता घेऊन एका विभागप्रमुखांकडे गेलो होतो. त्याआधी वर्षभर त्यांच्याशी भेट ठरत नव्हती. त्या दिवशी त्यांनी तासभर चर्चा केली आणि तक्त्यातल्या दोन चुकाही दाखवल्या.

तीन विभागांना एकच मात्रा चालणार नाही, हे या तपासणीतून आपोआप कळते. इतिहासाच्या संशोधकाला ग्रंथ, जुनी वृत्तपत्रे आणि अभिलेख लागतात, आणि साठ वर्षांपूर्वीचे पुस्तक त्याच्या लेखी जुने नसते. रसायनशास्त्रज्ञ शब्दांऐवजी रेणूची रचना काढून शोध घेतो, त्यामुळे त्याला सर्वसाधारण शोधतंत्र शिकवायला जाणे म्हणजे त्याचा वेळ घेणे होय. गणित आणि भौतिकशास्त्र यांतील बरेच वाचन अर्काइव्ह या १९९१ पासून चालू असलेल्या, संशोधन-लेखांच्या मुक्त ऑनलाइन संग्रहातून होते. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण वर्गणी कमी करण्याची वेळ आली की तीच महत्त्वाची ठरते. प्रकाशकांकडून आपल्याला काउंटर या, ऑनलाइन साहित्याचा वापर कसा मोजावा हे ठरवणाऱ्या संकेतानुसार वापराचे आकडे मिळतात. ते प्रकाशकाच्या मंचावरील वापर मोजतात. गणितज्ञाने तोच लेख अर्काइव्हवर वाचला, तर तो त्यांत येत नाही. लहान विभाग, कमी वाचक आणि मंचाबाहेरचे वाचन या तिन्ही कारणांनी गणिताचे नियतकालिक आकड्यांत निरुपयोगी दिसते, आणि केवळ तक्ता पाहून ते बंद करणारा ग्रंथपाल पुढची काही वर्षे त्या विभागात तोंड दाखवू शकत नाही. आकडे घेऊन विभागाकडे जावे, त्यांचे स्पष्टीकरण मागावे आणि मग निर्णय घ्यावा.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. विभागाने मागितले म्हणून घेतले, हेही धोरण टिकत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे: १९६९ मध्ये तेथे घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढील सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर बरीच टीका झाली आणि ग्रंथालयात बसून झालेले वाचन देवघेवीत दिसत नाही हेही खरे. तरीही मागणी आणि वापर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून विसरता येत नाही. एखादे प्राध्यापक दरवर्षी मोठी यादी पाठवत असतील, तर यातील कोणती तीन पुस्तके आपण या सत्रात विद्यार्थ्यांना वाचायला सांगणार आहात, असे नम्रपणे विचारावे.

कपातीचा निर्णय विभागांना बरोबर घेऊन झाला तर काय साधते, याचे मोठे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या विद्यापीठाने एल्सव्हियर या शास्त्रीय नियतकालिकांच्या मोठ्या प्रकाशकाशी वर्गणीबाबत चाललेल्या वाटाघाटी थांबवल्या आणि २०२१ च्या मार्चमध्ये नवा करार जाहीर झाला. मधला बराचसा काळ नव्या लेखांची थेट उपलब्धता नसताना निघाला, कारण प्राध्यापकांच्या प्रातिनिधिक मंडळाचा या भूमिकेला जाहीर पाठिंबा होता. ग्रंथालयाने एकट्याने असा पवित्रा घेतला असता, तर पहिल्याच महिन्यात तक्रारींनी तो मोडून काढला असता, असे माझे मत आहे.

अध्यापनाबाबत एकच आग्रह धरतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यातील तासाभराचे सरसकट ‘ग्रंथालय परिचय’ व्याख्यान नाकारण्याची तयारी ठेवावी. विद्यार्थ्यांपुढे लेखनकार्य नसताना शोध कसा घ्यावा, हे कोणी लक्षात ठेवत नाही. त्याऐवजी प्राध्यापकांकडून लेखनकार्याचा मजकूर आधी मागवावा आणि तो तास विषयनिवड झाल्यावर व लेखनास आरंभ होण्यापूर्वी घ्यावा. अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेली माहिती-साक्षरतेची, म्हणजे माहिती शोधण्याच्या आणि पारखण्याच्या कौशल्याची, चौकट सहा संकल्पनांवर उभी आहे. त्यांतील ‘अधिकार संदर्भानुसार ठरतो’ (म्हणजे कोणाचे म्हणणे अधिकृत मानायचे, हे संदर्भावर अवलंबून असते) ही संकल्पना प्राध्यापकांशी बोलताना फार कामाची ठरते, कारण आपल्या विषयात विश्वासार्ह पुरावा कशाला म्हणतात, यावर बोलण्याची इच्छा प्रत्येकाला असते.

वैद्यक किंवा आरोग्यशास्त्राचा विभाग आपल्याकडे असेल, तर पद्धतशीर आढाव्याच्या, म्हणजे एका प्रश्नावरील सर्व संशोधन ठरलेल्या रीतीने शोधून तपासण्याच्या, कामात शोधनीती आखून देण्याची मागणी येईल. ते काम अनेक आठवड्यांचे असते, म्हणून सहलेखकत्वाची गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट करावी. यात संकोच करणारे सहकारी मी पाहिले आहेत. अखेरीस त्यांचे नाव आभाराच्या ओळीतही आले नाही.

आता पुन्हा त्या दोन उत्तरांकडे येतो. त्यांत केवळ आभार मानलेले असतील, तर त्या प्राध्यापकांना त्यांच्या चालू संशोधनाविषयी अर्ध्या तासाची वेळ मागावी आणि त्या भेटीत ग्रंथालयाच्या सेवांचा विषय काढू नये. एखादी अडचण लिहिलेली असेल, मग ती न उघडणाऱ्या लेखाची का असेना, तर पुढचे पत्र त्या अडचणीबद्दलच असावे आणि शक्यतो ती सुटल्यावर जावे. उत्तरांत नेमके काय होते, ते येथे कळवले, तर अधिक नेमके सांगता येईल.