पहिल्या फेरीत हरलीस तर

चि. पैलवान पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सगळं बोललीस. व्हिसा, नवे बूट, कॅम्पातलं जेवण. आणि ठेवता ठेवता हळूच विचारलंस, ‘वस्ताद, पहिल्याच फेरीत जपानची आली तर?’ मी ‘आली तर आली’ म्हणून फोन ठेवला. ते उत्तर अपुरं होतं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

जपानची आली तर तू हरू शकतेस. ज्युनिअर असली तरी ही जागतिक स्पर्धा आहे. तिथं कुणाचाही नंबर कुणाशीही लागतो. तुझा एकेरी पट चांगला आहे, भारंदाजचा डावही आता हाताला बसलाय, त्यामुळं कुस्ती कशी करायची हे मी पत्रातून सांगत बसणार नाही. हरल्यानंतर काय करायचं, ते सांगणार आहे, कारण आपल्याकडं ते कुणी शिकवत नाही. जत्रेच्या मैदानात कुस्ती एकच. पाठ लागली की माती झटकायची, कपडे घालायचे आणि गाडी धरायची. मीही तसाच वाढलो. ही सवय आपल्या हाडात मुरलीय आणि मॅटवर ती पदक घालवते.

रेपेचाज हा शब्द तुला माहीत आहे, पण त्याचा हिशेब पुन्हा एकदा नीट डोक्यात घे. तुला हरवणारी पोरगी फायनलला पोचली, तर वाटेत तिनं हरवलेल्या पोरी परत उभ्या राहतात आणि कांस्यपदकाकडं जाणारी वाट त्यांना उघडते. आता एका वजनगटाची स्पर्धा दोन दिवस चालते. सकाळी पहिल्या फेऱ्या, संध्याकाळी सेमीफायनल, आणि रेपेचाज दुसऱ्या दिवशी. म्हणजे सकाळी अकराला हरलीस, तरी संध्याकाळच्या सेमीफायनलचा निकाल लागेपर्यंत तुझी स्पर्धा संपलेली नसते. मधले ते सात-आठ तास फार अवघड असतात. मी ते घालवलेत, वाईट रीतीनं घालवलेत.

वीस वर्षं होत आली. माझी परदेशातली एकुलती एक स्पर्धा. तेव्हा एका गटाचं सगळं एकाच दिवसात उरकायचं. दुसऱ्या फेरीत इराणच्या पैलवानाकडून हरलो. बरोबरचा माणूस म्हणाला, ‘झालं तुझं.’ मी बूट काढले, वर प्रेक्षकांत जाऊन बसलो, तोंडावर टॉवेल टाकला. मग खाली येऊन पोटभर भात खाल्ला. तो इराणी फायनलला गेला. भोंग्यावर माझं नाव पुकारलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. बुटाच्या नाड्या बांधताना हात थरथरत होते, अंग गार पडलेलं, पोट जड. पहिल्याच मिनिटाला चित झालो. इराणच्या पैलवानाकडून हरल्याचं मला आज काहीच वाटत नाही. दुसरी कुस्ती मात्र अजून रात्री आठवते.

आता साक्षी मलिकचं बघ. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ५८ किलोत क्वार्टर फायनलला रशियाच्या कोब्लोवाकडून ती ९-२ हरली. कोब्लोवा फायनलला गेली. साक्षीनं रेपेचाजमध्ये मंगोलियाच्या पैलवानाला हरवलं आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत किर्गिझस्तानच्या तिनिबेकोवासमोर अर्ध्या वेळेला ५-० मागं होती. जिंकली ८-५. ती कुस्ती तू शंभर वेळा पाहिली असशील. मला मात्र कॅमेऱ्यात न आलेली साक्षी बघायची आहे, कोब्लोवाकडून हरल्यापासून पुन्हा नाव पुकारेपर्यंतची. तेवढ्या वेळात तिनं स्वतःला गोळा केलं होतं.

विनेशचंही तेच. २०२२ ची बेलग्रेडची जागतिक स्पर्धा, गट तुझाच, ५३ किलो. पहिल्याच कुस्तीत मंगोलियाच्या पोरीकडून ७-० हरली. आपल्याकडं अनेकांनी त्या दिवशी तिला संपवूनही टाकलं होतं. मंगोलियाची ती फायनलला गेली, विनेश परत आली आणि स्वीडनच्या माल्मग्रेनला ८-० हरवून कांस्य घेऊन गेली. जागतिक स्पर्धेत दोन पदकं घेणारी ती पहिली भारतीय महिला, आणि त्यातलं दुसरं पदक पहिल्या फेरीत हरून आलेलं.

आता काट्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं, रेपेचाजवाल्यांचंसुद्धा. कॉश्च्युमसकट ५३ म्हणजे ५३, सूट नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅमनं काय झालं ते तुला मी सांगायला नको. ५० किलोत एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून विनेश फायनलला गेली, रात्रभर जागून वजन उतरवलं, केससुद्धा कापले, आणि काट्यानं ऐकलं नाही. त्या सकाळी मी तालमीत कुणाशी बोललो नाही.

पण त्याच गटातली दुसरी गोष्ट तू लक्षात ठेव. जपानची सुसाकी. चार वेळची जगज्जेती, टोकियोत एकही गुण न देता सुवर्ण घेतलेली, परदेशी पैलवानाकडून कधीही न हरलेली. पॅरिसला पहिल्याच कुस्तीत शेवटच्या काही सेकंदांत विनेशनं तिला ३-२ हरवलं. असं कुणी हरलं तर त्या संध्याकाळी त्याच्या घशाखाली घास तरी उतरेल का, झोप तरी लागेल का? सुसाकी दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिली, वजन बरोबर भरलं, आणि युक्रेनच्या लिवाचला १०-० हरवून कांस्य घेतलं. तुला जपानची भीती वाटते ना? मग जपानकडून हेही शिकून घे.

म्हणून हरलीस तर असं कर. रड, दहा मिनिटं रड, पण बूट घालून रड. मग ट्रॅकसूट चढव आणि अंग गार पडू देऊ नकोस. तुला हरवणारीची पुढची प्रत्येक कुस्ती बघ, आणि ती जिंकावी असं मनापासून वाट. हे शिकायला मला फार वर्षं लागली. संध्याकाळी ती फायनलला गेली की आधी काट्यावर उभी राहा, मग ताटावर बस. हॉटेलातला काटा आणि स्पर्धेचा काटा यांत फरक असतो, तो आदल्या दिवशीच ताडून ठेव. उपाशी झोपू नकोस, पाणी तोडू नकोस. थोडं थोडं घे आणि दर वेळी मोज.

आणि वेळापत्रक स्वतः वाच. खाशाबा जाधवांचं ऐकलंयस ना, १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक? जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती करून ते दमलेले, आणि लगेच सोव्हिएत संघाच्या पैलवानासमोर उभं राहायला सांगितलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती त्यांच्या हक्काची होती, पण ती मागायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. तरी त्यांनी कांस्य आणलं. गावाकडं १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ते सगळे सांगतात. मला त्या अर्ध्या तासाची हळहळ वाटते. तुझ्याबरोबर आता कोच असतील, फिजिओ असतील. तरी तुझी मॅट कुठली, नंबर कितवा, लाल की निळा, पुढची कुस्ती किती वाजता, हे तुझ्या तोंडावर असलं पाहिजे. कुणी ‘झालं तुझं’ म्हणालं तर स्वतः जाऊन तक्त्यावर बघून ये.

लाल आणि निळे, दोन्ही कॉश्च्युम हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नकोस. नखं निघण्याआधी काप.

दुसऱ्या दिवशीचं वजन झालं की मला फोन कर. कुस्तीचा निकाल नंतर सांगितलास तरी चालेल.

तुझा वस्ताद

ता. क. आईनं डिंकाचे लाडू दिलेत, मला कळलंय. तिला नाही म्हणू नकोस, घेऊन जा. डबा शेवटच्या कुस्तीनंतर उघड.