‘सक्ती’ नेमकी कोणावर?

‘सक्तमजुरी’ आणि ‘सक्तीची किमान शिक्षा’ या दोन्हींत ‘सक्त’ आहे, तर दोन्हींचा अर्थ ‘कडक शिक्षा’ असाच घ्यावा का, असा प्रश्न आला आहे.

घेऊ नये. मूळ फारसी ‘सख्त’ एकच असले, तरी सक्तमजुरीत कठीण असते ती मजुरी, आणि ती कैद्याला करावी लागते. सक्तीच्या किमान शिक्षेत सक्ती असते ती न्यायाधीशावर: कायद्याने ठरवलेल्या मर्यादेहून कमी शिक्षा त्याला देता येत नाही. बलात्काराच्या गुन्ह्यासाठी २०१८च्या दुरुस्तीने किमान कैद सातवरून दहा वर्षांवर नेली, तेव्हा खालची मर्यादा वर सरकली. जन्मठेपेची वरची मर्यादा आधीपासूनच होती. म्हणून ‘किमान शिक्षा झाली’ हे शब्द ‘थोडक्यात सुटला’ या अर्थाने वापरलेले दिसले की माझा संताप होतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०३मध्ये तर किमान आणि कमाल यांत अंतरच नव्हते: जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला, की फाशीच. न्यायाधीशाच्या तारतम्याला जागाच न ठेवणारे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये घटनाबाह्य ठरवले.

‘शक्तीची शिक्षा’ असेही सर्रास लिहिले जाते. ते अशुद्धच आहे. पण शक्ती आणि शिक्षा यांचे रक्ताचे नाते आहे, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच. पाणिनीचे ‘सनि मीमाघुरभलभशकपतपदामच इस्’ हे सूत्र पाहावे. इच्छादर्शक ‘सन्’ प्रत्यय लागताना ‘शक्’मधल्या अकाराच्या जागी ‘इस्’ येतो आणि ‘शिक्ष्’ हे रूप सिद्ध होते. ‘लभ्’पासून ‘लिप्सा’ होते तीही याच सूत्राने. लिप्सा म्हणजे मिळवण्याची इच्छा, तशी शिक्षा म्हणजे समर्थ होण्याची इच्छा! धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘शिक्ष विद्योपादाने’ (शिक्ष् म्हणजे विद्या घेणे) असा स्वतंत्र धातू दिला आहे म्हणून तिथेच थांबणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही, कारण मग ‘शक्’चे हे इच्छार्थक रूप अगदी तसेच कसे झाले, याचे उत्तर त्यांना देता येत नाही.

मराठीने याच ‘शिक्ष्’पासून एकीकडे ‘शिकणे’ ठेवले आणि दुसरीकडे ‘शिक्षा’ दंडाकडे नेली. ‘शास्’ धातूचेही असेच झाले: त्यातून शिष्य आला, शास्त्र आले आणि अपराध्याला होणारे शासनही आले.