तुमचा प्रश्न : बाबा चार वाजता धड होते

प्रश्न : माझे बाबा ५९ वर्षांचे. डिसेंबरात सकाळी सहा वाजता मायनं हाक मारली तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं, बोलणं बोबडं. गावातले म्हणाले, अंगावरून वारं गेलं, आधी लकव्याचं औषध देतात तिकडं न्या. तिथं तासभर गेला. मग तालुक्याचा दवाखाना. तिथून पुढं पाठवलं. सिटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेअकरा झाले. तिथं विचारलं, कधी झालं? आम्ही सांगितलं, झोपेत झालं, रात्री नऊला जेवून झोपले होते. ते म्हणाले, इंजेक्शनची वेळ गेली. तसे बाबा रात्री दोनला हरभऱ्याले ओलित कराले गेल्ते, आमच्याकडं लाइन रात्रीचीच हाय. चारला येऊन पडले. चुलतभाऊ म्हणतो, थेट नागपूरला नेलं असतं तर तारेनं गुठळी ओढून काढली असती. आमचं चुकलं का? पाच महिने झाले, हात मांडीवरच पडून असतो. काही जण राजस्थानातल्या बुटाटीच्या देवळात न्या म्हणतात.
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा ‘तसे’ या शब्दापाशी अडकलो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ‘तसे’ म्हणून जाता जाता सांगितली आहे.

लकव्याचं घड्याळ कधी दिसलं तिथून सुरू होत नाही, माणूस शेवटचा धड कधी होता तिथून सुरू होतं. म्हणूनच नऊला झोपले म्हटलं की डॉक्टर नऊपासून मोजतात. पण जो माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटर चालू करतो, सरी फोडून पाणी वळवतो आणि थंडीत चालत घरी येतो, त्याचा हात आणि पाय चारपर्यंत शाबूत होते. मायला विचारा, चारला आल्यावर काही बोलले होते का? दार लाव, पांघरूण दे, काहीही. बोलणं स्वच्छ असेल तर घड्याळ चारचं. रात्रीची लाइन असलेल्या आपल्या भागात हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि निम्मे लोक तुमच्यासारखंच नऊ सांगतात.

आता हिशेब. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीन तासांच्या आत उपयोगी ठरलं. २००८ साली युरोपातल्या अभ्यासानं ती मुदत साडेचार तासांवर नेली. चार अधिक साडेचार, म्हणजे साडेआठ. तुम्ही साडेअकराला पोचलात. म्हणजे नेहमीच्या हिशेबानं इंजेक्शन चारच्या घड्याळानंही हुकलंच होतं. नऊ सांगितल्यामुळे ते हुकलं, असं मनाला लावून घेऊ नका.

चुलतभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. जांघेतून बारीक नळी मेंदूच्या धमनीपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढतात. २०१५ साली एकापाठोपाठ पाच अभ्यास आले आणि हा उपचार पक्का झाला. २०१८ च्या दोन अभ्यासांनी निवडक रुग्णांत मुदत सोळा तासांपर्यंत आणि चोवीस तासांपर्यंत वाढवली. निवडक म्हणजे स्कॅनवर मेंदूचा बराच भाग अजून वाचवता येईल असं दिसतं ते. या मुदतीत तुमचे बाबा साडेअकरालाही बसत होते, नऊच्या घड्याळानंही. पण तार मोठ्या धमनीतली गुठळीच काढते. बारीक रक्तवाहिनी बंद झाली असेल तर तिथं ती पोचत नाही. मोठी धमनी होती की बारीक, हे औषध टोचून रक्तवाहिन्यांचा स्कॅन केला तर कळतं, आणि तुमच्या पत्रात त्या स्कॅनचा उल्लेख नाही. म्हणून ‘नागपूरला नेलं असतं तर’ याला कोणी हो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. नाही म्हणालं तरी ठेवू नका.

लकव्याच्या औषधवाल्याकडचा तास मात्र वाया गेला, हे मी गोड करून सांगणार नाही. मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा हिशेब आहे. पण पुढचा वेळ रस्त्यात आणि चिठ्ठीत गेला, तो तुमच्या पदरात टाकता येत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांत प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली होती. तिथं दर सातातला एक मृत्यू लकव्यानं झालेला निघाला, आणि त्यातले शंभरातले ८७ घरीच झाले. तुम्ही निदान गाडी तरी काढली.

हिमाचलात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयातला साधा डॉक्टर सिटी स्कॅनचे फोटो मोबाइलवर मेंदूतज्ज्ञाला पाठवतो आणि त्याच्या सल्ल्यानं तिथंच इंजेक्शन देतो. डोंगरात जमतं, तर आपल्या काळ्या सपाट रानात का जमू नये, हा माझा जुना वाद आहे. आता तर टेनेक्टेप्लेज नावाचं औषध आलंय. जुन्या इंजेक्शनाला तासभर सलाइनसारखं चालवावं लागे. हे एकदाच शिरेत दिलं की झालं, आणि पेशंटला तसंच पुढं पाठवता येतं.

हाताबद्दल. सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, एवढंच त्यात खरं. २०२१ साली अमेरिकेत मानेतल्या व्हेगस नसेला व्यायामाच्या वेळी यंत्रानं हलका विजेचा झटका देण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. ज्यांच्यावर तो तपासला त्यांच्या लकव्याला नऊ महिने ते दहा वर्षं झाली होती, आणि तरी हात सुधारले. ते यंत्र आपल्या आवाक्यातलं नाही. पण तिथंही यंत्राच्या जोडीला एकच हालचाल शेकडो वेळा करून घेत होते, आणि ते घरी होतं. घरात पऱ्हाटीची बोंडं असतीलच. बाबांपुढं टोपलं ठेवा आणि उजव्या हाताच्या चिमटीनं बोंडातला कापूस ओढू द्या. पहिल्या दिवशी एक निघेल, तेही अर्धं. दुसऱ्या कोणी वेचून द्यायचा नाही. बोटं अजिबातच हलत नसतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि उठवताना तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. काखेखाली आधार द्या.

बुटाटीला जायचं तर जा. सात दिवसांच्या प्रदक्षिणेत चालणं तरी होईल. बीपीच्या गोळ्या पिशवीत घाला आणि तिथं एकही दिवस चुकवू नका.

प्रश्न : मी आशा आहे. लकव्याचा पेशंट दिसला आणि बीपी २०० असलं तर घरीच गोळी द्यायची का? ॲस्पिरिन?
— एक आशाताई, जि. चंद्रपूर

उत्तर : दोन्ही नको. माझ्या उमेदीच्या काळात बीपी वाढलेलं दिसलं की आम्ही निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली थेंब टाकायचो. पाच मिनिटांत आकडा उतरायचा, नातेवाईक हात जोडायचे. एका म्हातारीचा आकडा उतरला आणि तिचा थोडा हलणारा पायही थांबला. तेव्हा मी नशिबाला बोल लावला होता. आज लावणार नाही.

लकवा दोन तऱ्हांचा, गुठळीचा आणि रक्तस्रावाचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. २०२४ साली चीनमध्ये सुमारे २,४०० रुग्णांना ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून पाहिलं. रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला, गुठळीच्या रुग्णांना अपाय. ॲस्पिरिनचं उलटं, रक्तस्रावात ती घातक. स्कॅनआधी तुम्हाला कळणार कसं? म्हणून गोळी नाही, पाणीही नाही, कारण घोट श्वासनलिकेत जातो. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, ‘लकवा आहे, स्कॅन असेल तिथंच न्या’ असं सांगा. शेवटचा धड कधी होता ती वेळ बॉलपेननं पेशंटच्या हातावर लिहा. घरातल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर इंजेक्शनचा निर्णय बदलतो.