पाच हजार एक

चि. चिऊ हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज काल गाडीत बसून तीनदा ऐकला. मागे कोंबडा आरवतोय, आजी कुणालातरी हाका मारतेय, आणि मधे तुझी चौकशी: आई, गावच्या देवळात शिरल्यावर उजव्या हाताला काळ्या फरशीवर तुझं नाव कोरलंय, पुढे ५,००१ लिहिलंय, सगळ्यांचीच नावं आणि सगळ्यांचे आकडे, हे शायनिंग मारणं नाही का? तूच तर सांगतेस, या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये. आणि वर तो एक रुपया कशाला?

एक रुपयाचं आधी सांगते, ते सोपं आहे. आकडा शून्यावर थांबला की संपल्यासारखा वाटतो. वर एक ठेवला की पुढची मोजणी सुरू झाली. म्हणून तर लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं. माझ्या कंपनीत आपण देणगी दिली की कंपनी तेवढीच भर घालते. गेल्या वर्षी मी हौसेने १०१ डॉलर टाकले, कंपनीने १०१ घातले, झाले २०२. एकाचे दोन झाले आणि शकुन गेला. असू दे.

आता शायनिंगचं. हे मामाकडून वाचून घे, मोठं आहे.

इथे अमेरिकेत सगळ्याला डोनेशन म्हणतात. आपल्याकडे भिक्षा वेगळी, दान वेगळं, देणगी वेगळी, ओटी वेगळी, आणि वर्गणी तर अगदीच वेगळी. दान आपण आपल्याबाहेरच्या कुणाला तरी देतो, ते गुपचूप द्यावं. तुला सांगितलेली ती हाताची गोष्ट दानाची आहे. त्या फरशीवरसुद्धा दोन-तीन ठिकाणी नुसतं 'गुप्तदान' लिहिलेलं दिसेल. वर्गणी म्हणजे आपला वाटा. गाव आपलं, देऊळ आपलं, खर्च आपला, तर त्यातला माझा हिस्सा किती, एवढाच प्रश्न. हिस्सा लपवून कशाला द्यायचा?

देऊळ नव्याने बांधायचं ठरलं २०१० साली. मी सुट्टीला आले होते, तू अजून व्हायची होतीस. वार पाळायचा मंगळवार होता, शेतात कुणी जात नव्हतं. देवस्की पंच, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे, पायरीवर बसले, गाव समोर. दोन तास वादावादी झाली आणि घरटी तीन हजार ठरले. ज्याला रोख जमत नव्हतं त्याने वाळूची ट्रॉली दिली, कुणी सिमेंटची पोती, गावातल्या गवंड्यांनी ठरावीक दिवस फुकट काम करायचं कबूल केलं. बायकांनी मजुरांच्या जेवणासाठी तांदूळ गोळा केले, पायलीने मोजून. तुझे आबा खजिनदार. त्यांनी लाल कापडी बांधणीची वही घातली, पहिल्या पानावर 'श्री' काढलं आणि घरं लिहायला सुरुवात केली.

वरच्या गल्लीत एक काकू राहायच्या. नवरा लवकर गेलेला, बेळगावच्या बाजारात भाजी विकून पोरं वाढवली. पंचांनी आपापसात ठरवलं, त्यांना सूट द्यायची. आबांनी तसं सांगितल्यावर काकू आपल्या अंगणात आल्या आणि ओरडल्याच. "का गा, माझं घर गावात न्हवं काय?" मी दारातच उभी होते. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी पन्नास-शंभर करत दोन वर्षं पैसे आणून दिले आणि दर वेळी पावती मागून घेतली. त्यांना सांभाळून घ्यायला निघालेल्या सगळ्या शहाण्यांना (त्यात मीही) त्यांनी एका वाक्यात गप्प केलं. सूट दिली असती तर पुढे यात्रेत, पंगतीत, भांडणात, त्या कुठल्या तोंडाने बोलणार होत्या?

आणि बोलतात लोक, चिऊ! वर्गणी दिलेला माणूस आवाज चढवू शकतो. देऊळ उभं राहिल्यावर जमाखर्च लाऊडस्पीकरवर वाचला. सिमेंटच्या पोत्यांवर गाडी अडली. एकाच्या हिशेबाने सोळा पोती जास्त लागली होती. आबा घामाघूम. शेवटी बिलांची पिशवी मागवली, पोती जुळली, आणि ज्याने आरोप केला होता त्यानेच आबांना चहा पाजला. आजी मात्र त्याच्याशी वर्षभर बोलली नाही.

आपल्या भागात ही सवय जरा जास्तच मुरलेली आहे, त्याला कारण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून मराठीचं काही करायचं तर आधी आपला खिसा चाचपायचा, हे आमच्या घराघरात होतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, एवढ्या एवढ्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मग भाषणं, दुपारी सगळ्यांना जेवण. आमच्या लहानपणी त्या जेवणाचे तांदूळ घराघरातून जायचे. मला त्या भाषणांतलं एक अक्षर आठवत नाही, पण आमटी आठवते.

हे फक्त मराठी माणसाचं कौतुक समजू नकोस. बेळगावात तू ज्या मोठ्या केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) हॉस्पिटलवरून गेलीस ना, त्या संस्थेची सुरुवात १९१६ साली सात कन्नड शिक्षकांनी केली. शिक्षकांकडे पैसा कुठला? समाजाकडून मागितला, देसाई-इनामदारांकडून मिळवला. त्यांच्या लिंगराज कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते शिरसंगीचे लिंगराज देसाई, त्यांनी तर आपली इस्टेटच शिक्षणासाठी ठेवली. भाषेवरून भांडणारे आम्ही दोघं शेजारी पावतीपुस्तक मात्र एकसारखंच छापतो.

परदेशातल्या आपल्या लोकांकडे मागायला जाणंही आजचं नाही. महर्षी कर्वे डिसेंबर १९३० मध्ये आफ्रिकेला गेले तेव्हा ७२ वर्षांचे होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका, पंधरा महिने फिरले. तिथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांपुढे महिला विद्यापीठाची माहिती सांगायची आणि झोळी पुढे करायची. आपल्या बेसमेंटमध्ये उन्हाळ्यात भारतातून पाहुणे येतात, प्रोजेक्टर लावतात, शाळेच्या इमारतीचे फोटो दाखवतात आणि तू वरून विचारतेस, "अजून किती वेळ?" ते सगळे कर्व्यांच्याच वाटेवरचे. सगळेच काही कर्वे नसतात, ते सोड.

आम्ही इथे आलो तेव्हा पहिल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाचे सभासद झालो. तेही वर्गणी भरून. मंडळांचं मंडळ म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, ते १९८१ चं. त्याच्याही आधी, १९७८ साली, इथल्या मराठी लोकांनी महाराष्ट्र फाउंडेशन काढलं. ते तिकडच्या संस्थांना पैसे पाठवतं आणि १९९४ पासून लेखकांना, कार्यकर्त्यांना पुरस्कार देतं. आणि तू ज्याला शायनिंग म्हणतेस ते इथेही आहे. गणपतीच्या कार्यक्रमात नाटकाच्या दोन अंकांमध्ये पडद्यावर काय येतं? प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर देणगीदारांची नावं. ती आपली काळी फरशीच आहे, फक्त दहा सेकंदांत निघून जाते.

फरक एवढाच की तिथे हिशेब मागितला तर चहा मिळाला. इथे एका मंडळात (कुठलं ते विचारू नकोस) एका शाळेसाठी निधी जमवला होता. वार्षिक सभेत मी विचारलं, पोचले किती, खर्च किती? सभागृहात असा सन्नाटा की मी कुणाच्या घरी जेवायला जाऊन मीठ कमी आहे म्हटल्यासारखं. एक काका म्हणाले, अहो, सगळे स्वयंसेवक आहेत. आबाही स्वयंसेवकच होते की! नंतर कळलं, अमेरिकेत धर्मादाय संस्थांना दरवर्षी सरकारकडे फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कुणालाही बघायला मिळतो. इथली भिंत ती. पण ज्यांची वर्षाची जमा साधारण ५० हजार डॉलरच्या आत असते त्यांना पोस्टकार्डाएवढीच माहिती द्यावी लागते. आमचं मंडळ पोस्टकार्डवालं.

तुझ्या मैत्रिणीची आई, लाहोरची, रमजानमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसते ते तू पाहिलंस. वर्षभर जवळ राहिलेल्या बचतीचा अडीच टक्के, जकात म्हणून द्यायचा. मी एकदा म्हटलं, किती उदार आहेस गं. ती हसली. म्हणाली, यात उदार काय, हे देणं आहे, माझं नाहीच ते. मला एकदम ती भाजीवाली काकू आठवली.

आता तुझ्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट. ५,००१ ही माझी त्या गावातली पहिली आणि शेवटची वर्गणी आहे.

२०१९ च्या मार्चमध्ये मी अमेरिकेची नागरिक झाले. तू छोटा झेंडा हलवत होतीस, फोटो आहे. त्याच ऑगस्टमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडे पुराचा धुमाकूळ. आपल्या गावात मातीच्या भिंती बसल्या, शाळेची एक खोली पडली. गावाने वर्गणी काढली. मी लगेच मामाला म्हटलं, माझं नाव लिही. दुसऱ्या दिवशी कमिटीतल्या गुरुजींचा फोन. फार संकोचून बोलले. "बाय, तुझा पैसा आता फॉरिनचा झाला की."

परकीय देणग्यांचा २०१० चा कायदा आहे. भारतीय पासपोर्टवाला जगात कुठेही राहो, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललं की तोच पगार, तोच माणूस, आणि पैसा मात्र परकीय. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, असलं तरी. असा पैसा घ्यायला संस्थेला दिल्लीची नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० पासून तर तो संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरावा लागतो. गावच्या देवस्की कमिटीला हे कुठून जमणार? मामाला घरासाठी पाठवू शकते, नातेवाईक म्हणून, ते पाठवले. पुराला द्यायचे ते इथल्या एका नोंदणीकृत संस्थेमार्फत दिले. ते कुणाच्या तरी उपयोगी पडले असणार. आपल्या शाळेच्या भिंतीला नाही.

कायद्याला त्याची कारणं असतील, मी वाद घालत नाही. पण फोन ठेवल्यावर मला कळलं, काकू अंगणात का ओरडल्या होत्या. गुरुजींनी ओळखलं बहुतेक. रात्री परत फोन केला. म्हणाले, यात्रेला ये की गे, पंगतीत वाढायला. वाढणाऱ्याला पासपोर्ट कोण विचारतंय?

तू तर जन्मानेच फॉरिनची. गणपती जवळ आले, गल्लीतली पोरं पावतीपुस्तक घेऊन येतीलच. मामा ५०१ देईल आणि त्याआधी दहा मिनिटं त्यांना गेल्या वर्षीच्या हिशेबावरून छळेल, ते बघण्यासारखं असतं. तू त्यांच्याबरोबर मखराचं थर्माकोल, नाही, आता पुठ्ठा असतो, तो कापायला जा. नाही म्हणणार नाहीत.

आणि हो, शायनिंगचा तुझा आरोप मी अर्धा मान्य करते. ती फरशी पाच हजार आणि वरच्यांसाठीच आहे, जागा पुरणार नाही म्हणून पंचांनी तसं ठरवलं. म्हणजे एका महिन्याच्या पगारातून सहज दिलेली मी भिंतीवर, आणि दोन वर्षं पावत्या जमवणारी काकू नाही. आबांना हे आवडलं नव्हतं. ते म्हणायचे, भिंत पाहुण्यांसाठी, गावाची वही.

ती लाल वही मामाच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, आजीच्या जुन्या लुगड्यांच्या खाली. वरच्या गल्लीचं पान उघड. एका घरापुढे ५०, ५०, १००, ५०, असे खूप आकडे दिसतील, समासाबाहेर गेलेले. आबांचं अक्षर मोडीवळणाचं आहे, लागलं नाही तर फोटो पाठव. आणि शेवटी बेरीज तीन हजार आहे की तीन हजार एक, ते मला सांग. मला नक्की आठवत नाही.

तुझी,
आई