आजोबांच्या वाड्यातल्या कीर्तनाच्या वह्या आणि कॅसेटी लोकांसाठी खुल्या कशा कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की बडोद्याच्या दांडिया बाजारातला आजोबांचा वाडा विकायला काढलाय आणि माळ्यावर कीर्तनाच्या वह्या, गणपतीतल्या मेळ्यांची पदं, घरच्या बैठकींच्या कॅसेटी, थोडे स्पूल (कॅसेटच्या आधीच्या, उघड्या चकतीवरच्या टेप) आणि फोटोंच्या पेट्या निघाल्यात. सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकावं की एखाद्या संस्थेला देऊन मोकळं व्हावं, असा तुमचा प्रश्न आहे. या दोन्हींच्या आधी यादी करा. तीही वाडा रिकामा होण्याआधी, वस्तू जिथे आहेत तिथेच.

मी बडोद्याचीच. ओळखीपाळखीच्या घरांतल्या अशा ठेव्यांची नोंद करायला मी बऱ्याच वर्षांपासून जाते, म्हणून ठामपणे सांगते. स्कॅन पैसे दिले की कुणीही करून देईल, आणि पाच वर्षांनीही करून देईल. पण टेपवर पेटी कोण वाजवतंय, फोटोत मधे बसलेले गृहस्थ कोण, हे सांगणारी माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. घाई आहे ती त्यांच्यासाठी.

यादीचं मोल कळायला आपल्याच गावातलं उदाहरण आहे. सयाजीराव महाराजांनी संस्कृतचे पंडित चिमणलाल दलाल यांना उत्तर गुजरातमधल्या पाटणच्या जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्या तपासायला पाठवलं होतं. बंद खोल्यांतली ताडपत्रं त्यांनी एकेक उघडून नोंदवली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९१६ साली पहिला ग्रंथ आला तो राजशेखराची संस्कृत काव्यमीमांसा, आणि त्याच्या संपादकांतही दलाल होते. १९१८ मध्ये ते गेले. पण नोंदी कागदावर होत्या, म्हणून दुसऱ्या पंडितांना त्या पुऱ्या करता आल्या आणि १९३७ मध्ये पाटणच्या ताडपत्री पोथ्यांची सूची छापून निघाली. कुठल्या भांडारात काय आहे, हे त्यानंतर कुणालाही घरबसल्या कळू लागलं.

तुमच्या बाबतीत सुरुवात अशी करा. प्रत्येक कपाटाचा, पेटीचा, खणाचा आहे तसा फोटो काढा. मग एकेक वस्तू हातात घेऊन क्रमांक द्या: वह्यांना व-१, व-२, कॅसेटींना क-१, क-२. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने अगदी हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. सेलोटेप कशालाही लावू नका. पुढे स्कॅनची फाइल होईल तिलाही तोच क्रमांक द्यायचा. साध्या एक्सेलमध्ये क्रमांक, काय आहे, कुठे सापडलं, कुणी ओळखलं, एवढे रकाने पुरतात. ‘कुणी ओळखलं’ हा रकाना सोडू नका. पुढे दोन माणसांनी दोन वेगळी नावं सांगितली तर कुणाचं ऐकायचं हे त्यावरूनच ठरतं.

कॅसेटच्या कव्हरवर बहुतेक वेळा ‘नाना, यमन, गुरुवार’ एवढंच असतं. कुठले नाना, कुठला गुरुवार? अशी एक कॅसेट मी एका आजींना ऐकवली होती. गाणाऱ्याचा आवाज त्यांनी ओळखला नाही, पण मधेच कुणीतरी ‘क्या बात है’ म्हणालं आणि त्या म्हणाल्या, हे तर आमचे भाऊजी. भाऊजी कधी वारले ते घरात माहीत होतं, म्हणजे बैठक त्याआधीची ठरली. मग तबलजी कोण, बैठक कुणाच्या माडीवर, हे एकामागून एक निघत गेलं. हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आजींचं बोलणं हाही संग्रहाचाच भाग आहे, त्यालाही क्रमांक द्या.

वह्यांना तारीख नसेल तर निराश होऊ नका. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहिलेली असते, ती आधी वाचा. चाल संगीत मानापमानातल्या पदाची असेल तर ते पद १९११ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण नाटक रंगभूमीवर आलंच त्या वर्षी. पूर्वरंगाचा, म्हणजे सुरुवातीच्या निरूपणाचा अभंग कुठला, आख्यानात, म्हणजे पुढच्या कथेत कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे कटाव असे पद्यप्रकार येतात, समासात टाळीची खूण आहे का, तेही नोंदवा. कीर्तन प्रत्यक्षात कसं उभं राहायचं हे त्या खुणांमधून कळतं. म्हणून फक्त पदं टाइप करून वही रद्दीत घालू नका. कोरं वाटणारं पान आणि मलपृष्ठही स्कॅन करा. हिशेब, पत्ते, बिदागीच्या नोंदी तिथेच असतात.

कॅसेट सापडली की लगेच लावून बघायचा मोह होतो, तो आवरा. आधी वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या खुंट्या तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. टेपवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका: टेप खराब होईल आणि मशीनमधून बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. स्पूलला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि आधी त्याचं काम करून घ्या. ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची टेप अशी एकदा कुजायला लागली की थांबत नाही. काम जाणकाराकडेच द्या आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल मागा. तासाभराला सुमारे २ जीबी जागा लागते, लागू द्या. ‘खरखर काढून देतो’ म्हणाले तर ती वेगळी प्रत. मूळ फाइल आहे तशीच हवी. खरखर काढताना तंबोराही पुसट होतो.

प्रती तीन ठेवा, आणि त्यातली एक बडोद्याबाहेर. २०१९ आणि २०२४ चे पूर तुम्ही पाहिले असतील किंवा घरच्यांकडून ऐकले असतील. विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात शिरतं तेव्हा कपाटाचा खालचा खण पहिला जातो. यादी होईपर्यंत सगळं वरच्या मजल्यावर हलवा.

आता खुलं करण्याबद्दल. कॅसेट तुमच्या मालकीची आहे, म्हणून त्यातलं गाणं तुमचं होत नाही. आपल्या कायद्यात लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून वेगळा हक्क ५० वर्षांचा आहे. आजोबांची स्वतःची पदं असतील तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. पाहुणे कलाकार गायले असतील तर त्यांच्या मुलानातवंडांना विचारा. घरच्या बैठकीत माणूस मोकळेपणाने गातो, मधे बोलतो, कुणाबद्दल काही म्हणतोही. ते जगासमोर जावं का हे त्यांच्या घरच्यांना ठरवू द्या. माझा अनुभव असा की प्रेमाने विचारलं आणि रेकॉर्डिंगची एक प्रत हातात दिली की सहसा कुणी नाही म्हणत नाही. कुणी म्हणालंच, तर ती वस्तू यादीत राहू द्या, फाइल बंद ठेवा.

परवानगी असलेलं साहित्य इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर टाकता येतं. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्र-ध्वनींच्या साठ्यात टाकायचं तर ते कुणालाही, अगदी व्यवसायासाठीही, वापरता येईल असा परवाना द्यावा लागतो, त्याचा आधी घरात विचार करा. ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं (लोकजीवनातल्या संगीताच्या अभ्यासाचं) अभिलेखागार १९८२ पासून काम करतंय, आणि कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाकडे उत्तर हिंदुस्थानी संगीताचा मोठा संग्रह आहे. दोघांनाही आधी यादी पाठवून विचारा.

मूळ वस्तू कुठल्याही संस्थेला देताना मी तीन गोष्टी बघते: यादीवर सही-शिक्का घालून पोच देतात का, बाहेरचा माणूस येऊन वस्तू मागू शकतो का, आणि आपल्या स्कॅनवर आपला हक्क राहतो का. एका ठिकाणी पोच न घेता दिलेला फोटोंचा गठ्ठा नंतर कुणालाच सापडला नाही, आणि त्या घरात त्याच्या प्रतीही नव्हत्या. संस्था कितीही मोठी असो, स्कॅन झाल्याशिवाय मूळ वस्तू घराबाहेर काढू नका.

बडोदा संस्थानात १९११ च्या सुमारास पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या; ज्याला वाचनालय नाही त्याच्याकडे वाचनालय जायचं. तुमच्या आजोबांची पदं आज पुण्यातल्या किंवा इंदूरच्या एखाद्या तरुण कीर्तनकाराला अशीच सापडावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी फाइलच्या नावात आणि वर्णनात ‘बडोदा’, ‘कीर्तन’, आख्यानाचं नाव आणि पदाची पहिली ओळ मराठीत लिहा. ‘स्कॅन००४७’ कुणी शोधत नाही.

वह्यांमध्ये किंवा हिशेबांत मोडीची पानं निघाली तर ती जुनी बिलं समजून फेकू नका. दोन-तीन पानांचे स्वच्छ उजेडातले फोटो इथे टाका, मी वाचून काय आहे ते सांगते.