तिसरा कंट्रोलर आणू नका, आधी एक वायर काढून बघा

तुमचा प्रश्न सकाळी लोकलमध्ये वाचला आणि दादरला उतरायचं विसरले, थेट माटुंग्याला जाऊन परत आले. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात बेडरूम, बेडच्या वर छत कापून बसवलेला १२ व्होल्टचा फॅन, बेडशेजारी स्पीडचा नॉब. नॉब कुठेही फिरवा, फॅन फुल्ल. नॉब बंद केला तरी फॅन फिरतोच. दुकानदार म्हणतो कंट्रोलर, म्हणजे नॉबमागची वेग ठरवणारी डबी, जळला, दुसरा बसवला तरी तेच, आणि आता तुम्ही विचारताय की तिसरा चांगल्या कंपनीचा घ्यावा का. हे सगळं मी तीन वर्षांपूर्वी शब्दशः भोगलंय. दोन कंट्रोलर, एक फॅन आणि दिवेआगरची एक सकाळ एवढी किंमत मोजून.

आधीच सांगते, मी इलेक्ट्रिशियन नाही. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहे. तुमची गाडी मी पाहिलेली नाही. वायरिंग उघडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते लिहीत बसत नाही.

आता मुद्दा. कंट्रोलरवर चार टर्मिनल असतील, बॅटरी प्लस, बॅटरी मायनस, मोटर प्लस, मोटर मायनस. त्यातल्या मोटर मायनसची वायर सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि मेन चालू करा. फॅनचा परतीचा रस्ता तुम्ही तोडलाय, म्हणजे तो थांबायलाच हवा. तरीही फिरत राहिला, तर करंट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने परत जातोय आणि ती वाट म्हणजे गाडीची बॉडी, कारण बॅटरीचा मायनस बॉडीलाच जोडलेला असतो. कंट्रोलर निर्दोष आहे. एका मिनिटाची ही परीक्षा मला कुणी सांगितली नाही, आणि मुलांना तीस वर्षं सर्किट पूर्ण झालं तरच करंट वाहतो हे फळ्यावर लिहून देणाऱ्या मला स्वतःला सुचली नाही.

हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या इलेक्ट्रिशियनशी बोलताना उपयोगी पडेल. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करून वेग ठरवणारे) कंट्रोलर प्लसला हातच लावत नाहीत. बॅटरी प्लस आणि मोटर प्लस आतून सरळ जोडलेले असतात. वेग कमी-जास्त करण्याचं सगळं काम मायनसच्या बाजूला असतं, तिथे एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा वाट उघडझाप करतो. (मल्टिमीटर बीपवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर, ठेवून दोन्ही प्लसना टोचा. वाजला तर तुमचाही तसलाच.) आता फॅनची काळी, म्हणजे मायनसची, वायर वर छतात कुठेही बॉडीला टेकली की करंटला मॉस्फेटकडे जायची गरजच उरत नाही. तो बॉडीतून थेट बॅटरीला पोचतो. नॉब बिचारा खाली इमानदारीने उघडझाप करत बसतो, वर त्याचं कोणी ऐकत नाही.

आणि दुकानदाराला पूर्ण खोटारडा म्हणू नका. मॉस्फेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा तो आतून शॉर्ट होतो, आणि मग लक्षण हेच दिसतं, फॅन फुल्ल आणि नॉब निरुपयोगी. म्हणून सगळे आधी कंट्रोलरकडे बोट दाखवतात. फक्त एक जळेल हो, लागोपाठ दोन नवे कोरे त्याच पद्धतीने कसे जळतील, एवढा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

माझ्या गाडीत ती काळी वायर बॉडीला कुणी टेकवली? मी. हेच मला अजून पचत नाही.

कुर्ल्याला ज्याच्याकडे गाडीचं आतलं काम करून घेतलं तिथे एक तरुण ऑटो इलेक्ट्रिशियन होता. त्याने कंट्रोलरपासून फॅनपर्यंत लाल-काळ्या दोन वायरी व्यवस्थित नेल्या होत्या. मी बघायला गेले आणि विचारलं, अर्थिंग कुठे आहे? तो म्हणाला, "मॅडम, बारा व्होल्टला गरज नाही." मी त्याला तिथेच उभं करून दहा मिनिटं व्याख्यान दिलं. पत्र्याची गाडी, पावसाळा, डोक्यावर मोटर, अर्थिंग नको म्हणतोस? घरच्या २३० व्होल्टच्या फ्रिजचा न्याय मी गाडीला लावला. शेवटी त्याने वैतागून काळ्या वायरला एक लग (टोकाला बसवायचं धातूचं कडं) मारला आणि छताच्या पट्टीला स्क्रूने आवळून टाकला. "घ्या, केलं अर्थिंग." मी समाधानाने घरी आले. नवऱ्याला सांगितलंही, की असं उभं राहून काम करून घ्यावं लागतं.

तिथून गाडी घेऊन आलो तेव्हापासून फॅन फुल्ल. थांबवायचा तर सीटखालचा फ्यूज उपटायचा. आम्ही कंट्रोलर बदलला, पुन्हा बदलला. मग दिवेआगर. मे महिना, सुपारीच्या वाडीत गाडी लावलेली, रात्री अंगाला घाम चिकटलेला, फॅन भणाणतोय. पहाटे दोनला थंडी वाजायला लागली पण उठून फ्यूज उपटायला कोण जातं? दोघांनी चादर ओढली. फुल्लवर माझा फॅन चार अँपिअरच्या आसपास खातो, नऊ तासांत छत्तीस अँपिअर-अवर. आणि तेव्हा आम्ही शहाण्यांनी वेगळी बॅटरी बसवलेली नव्हती, सगळं स्टार्टरच्या बॅटरीवर. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक. मीटरवर ११.६ व्होल्ट. मासळीच्या टेम्पोवाल्याने जंपर लावून गाडी चालू करून दिली, पैसे घेतले नाहीत, वर "एवढा पंखा कशाला लावता, समुद्र आहे की समोर," हेही ऐकवलं.

मुंबईला परत आल्यावर फॅन काढून ज्या सर्व्हिस सेंटरकडे दिला त्याचं नाव घेत नाही. पाच आठवडे ठेवून घेतला. फोन केला की "टेक्निशियन बाहेर आहे". काय लक्षण आहे हे मी कागदावर आकृती काढून दिलं होतं, तो कागद पिशवीत जसाच्या तसा घडी घातलेला परत आला. सोबत चिठ्ठी, फॅन ठीक आहे, आणि तपासणीचं बिल. मी भांडले, म्हटलं ठीक असेल तर नॉब का चालत नाही? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नॉब आमचा नाही. त्यावर मी रागाच्या भरात दुसरा फॅन विकत घेतला. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या चिठ्ठीतच उत्तर होतं. फॅन ठीक, कंट्रोलर नवा, तर उरलं काय? उरलं माझं अर्थिंग. पण राग आला की माणूस चिठ्ठी वाचत नाही, बिल वाचतो.

शेवटी जून उजाडला, छतातून थेंब पडायला लागले म्हणून अस्तर उतरवलं. नवा फॅन वायरींवर लोंबत ठेवून सहज चालू केला, तर नॉब चालतोय! हळू, मध्यम, बंद, सगळं. नवऱ्याला हाक मारली, दोघं वेड्यासारखे नॉब फिरवत बसलो. मग फॅन वर बसवला, कडेचे स्क्रू एकेक करून आवळले, अजूनही चालतोय. सगळ्यात शेवटी उरला तो लगचा स्क्रू. पट्टीला टेकताक्षणी फॅन भर्रकन फुल्ल. स्क्रू काढला, हळू. लावला, फुल्ल. शिडीवर बसून मी चार-पाच वेळा तेच केलं, कारण विश्वास ठेवायला वेळ लागत होता. त्या कुर्ल्याच्या मुलाला नंतर फोन करून सांगितलं. तो फक्त "हो मॅडम" म्हणाला. फार सभ्य मुलगा.

तुमच्याकडे अर्थिंगचा हट्ट कुणी केला नसेल कदाचित. पण काळी वायर बॉडीला भेटायच्या वाटा बऱ्याच आहेत. अस्तराचा स्क्रू वायरच्या पोटात घुसलेला असतो. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं कडं) नसतं आणि रस्त्याच्या धक्क्यांनी वायर कापली जाते. काही इलेक्ट्रिशियन वायर वाचवायला काळी वरच बॉडीला मारतात, बाकी सगळ्या गाडीत तसंच असतं म्हणून. त्यामुळे फॅनच्या दोन्ही वायरी दोन्हीकडून सुट्या करून एकेकीचा बॉडीशी बीप बघा. वाजता कामा नये. आणि मोटर मायनस काढल्यावर फॅन थांबला, तरी लगेच कंट्रोलरला फाशी देऊ नका. त्यातल्या मॉस्फेटची धातूची पाठ बहुधा मोटर मायनसलाच जोडलेली असते. तो हीटसिंकसकट (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्यासकट) पत्र्यावर आवळला असेल तर तेच नाटक होतं. वायर परत लावा, कंट्रोलर पत्र्यावरून सोडवून हवेत धरा आणि पुन्हा बघा.

एक अपवाद. तुमच्या फॅनला स्वतःचा रिमोट किंवा वेगाची बटणं असतील तर त्याच्या आत स्वतःचं सर्किट आहे. अशा फॅनच्या आधी बाहेरून पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावूच नका, त्याला सरळ बारा व्होल्ट द्या. ब्रशलेस मोटरचंही तेच.

उघडताच आहात तर बाकीचंही नीट करून घ्या. फ्यूज फॅनजवळ नको, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. तो फॅनला वाचवायला नाही, वायर पेटू नये म्हणून असतो. माझ्याकडे साडेसात अँपिअरचा आहे. फॅनच्या अलीकडे प्लसवर एक साधा ठणठणीत स्विच बसवा, नॉबच्या 'बंद'वर माझा आता विश्वास नाही. वायर लोहार चाळीतून मीटरवर घेताना जाडीत कंजूषपणा करू नका. पाच मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, चार अँपिअरला ०.७५ चौरस मिमीच्या वायरमध्ये जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच मरतात, १.५ मध्ये ०.४६, २.५ मध्ये पाव व्होल्टच्या थोडं वर. मी २.५ टाकली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं वर्षभरात हिरवं पडतं. कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळते, मला लॅमिंग्टन रोडला मिळाली. वेगळी बॅटरी बसवाच. स्टार्टरची बॅटरी रात्रभर हळूहळू उपसण्यासाठी बनलेली नसते.

पाण्याचं म्हणाल तर फॅनच्या फ्लँजखाली, म्हणजे छतावर टेकणाऱ्या कडेखाली, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून छतासाठीचं सीलंट. बाथरूमचं आंबट वासाचं सिलिकॉन पत्र्यावर अजिबात नको, ते पत्रा खातं आणि नंतर त्यावर दुसरं काही चिकटत नाही. माझा गळका फॅन त्याच सिलिकॉनवर बसवलेला होता. अस्तर परत लावण्याआधी सोसायटीच्या नळीने दहा मिनिटं पाणी मारून बघा. आमच्या सेक्रेटरीने पाण्याच्या अपव्ययाबद्दल नोटीस लावली होती, माझं नाव न घालता. असो.

आणि फॅन चालू करताना पायाकडची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर फॅन नुसता आवाज करतो. सगळं बंद करून गाडीत गॅस पेटवलेला असताना तर हा फॅन बाहेर ओढता ठेवूच नका, त्यात जिवाचा धोका आहे. फॅनने मुंबईतली मेची रात्र थंड होत नाही, बाहेर तीस असेल तर आत तीसच राहणार. फक्त दिवसभर तापलेल्या पत्र्याची धग बाहेर जाते, आणि झोप लागायला तेवढं पुरतं.

छत आधीच कापलेलं दिसतंय, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. चौदा इंची चौकोन कापण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. तोंडी "चालतंय की" म्हणणारे फार भेटतात. मी वकील नाही, पण लेखी उत्तराचा कागद गाडीत ठेवते.

तर आज संध्याकाळी मोटर मायनस काढून बघा आणि काय झालं ते इथे लिहा. वायर काढल्यावर फॅन थांबला, आणि कंट्रोलर हवेत धरूनही नॉब ऐकत नसेल, तर तो खरंच गेलाय. मग माझं वरचं सगळं सोडून द्या आणि तिसरा घेऊन या. विकत घ्यायचीही गरज नाही, माझ्या कपाटात ते दोन पडून आहेत, दोन्ही ठणठणीत. दादरला येऊन घेऊन जा.