वाहन-सल्ला : टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा

प्रश्न : आमच्याकडे २००६ सालची मारुती ८०० आहे. गेल्या चतुर्थीच्या सुमारास ती गरम होऊ लागली, तेव्हा गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकला आणि रेडिएटरचा पंखा 'डायरेक्ट', म्हणजे सतत चालू राहील असा, करून दिला. तेव्हापासून फोंडा-पणजी ये-जा करताना तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेलेला नाही. मात्र रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या टाकीत दर आठ-दहा दिवसांनी थोडे पाणी घालावे लागते. मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन चोर्ला घाटाने नरसोबाची वाडी आणि पुढे पंढरपूर असा बेत आहे. गॅरेजवाला 'बिनधास्त जा' म्हणतो. निघण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातील महत्त्वाचे वाक्य काट्याविषयीचे नसून आठ-दहा दिवसांनी पाणी घालावे लागते हे आहे. गाडीची थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातले पाणी 'खर्च' होण्याचे काही कारण नाही. ते कमी होत असेल तर कोठून तरी बाहेर जात आहे, आणि ती वाट सापडेपर्यंत घाटाचा विचार करू नये. थर्मोस्टॅट काढणे आणि पंखा सतत चालू ठेवणे हे उपाय तापाच्या रोग्याचा थर्मामीटर लपवून ठेवण्यासारखे आहेत.

फोंडा-पणजी रस्त्यावर गाडी तक्रार करीत नाही, याचा अर्थ मर्यादित आहे. तेथे इंजिनावर भार कमी असतो आणि चालत्या गाडीचा वारा रेडिएटरला मिळत राहतो. केरी सोडून चढण लागली की चार माणसे व सामान घेऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढते, भार वाढतो आणि वारा मात्र जवळजवळ नसतो. शिवाय गोव्यात मे महिन्यात ३४ अंश असतील तर पंढरपूरकडे ४२ अंशही असू शकतात. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. आतले पाणी ९५ अंशांवर असेल तर हा फरक ६१ वरून ५३ वर येतो, म्हणजे रेडिएटरची ताकद सुमारे एक-अष्टमांशाने घटते. धडधाकट यंत्रणेला हे सोसते, जेमतेम चालणारीला नाही.

तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर करावी. आदल्या रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. प्लास्टिकच्या टाकीकडे न पाहता रेडिएटरचेच झाकण उघडावे. माझ्या स्वतःच्या ओम्नीत एकदा टाकी काठोकाठ भरलेली असताना रेडिएटर निम्मा रिकामा निघाला होता: झाकणाचे रबर कडक झाल्याने गरम पाणी टाकीत ढकलले जात होते, पण गाडी थंड झाल्यावर ते परत ओढले जात नव्हते. मी मात्र टाकी पाहून महिनाभर निश्चिंत होतो. त्यामुळे पाणी रेडिएटरच्या गळ्यापर्यंत आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. मग गळ्यात बोट फिरवावे. तांबूस गाळ लागला तर आतून गंज सुटला आहे. दुधाळ, तेलकट साय लागली तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) व खालचा भाग यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येणे स्वाभाविक आहे, परंतु ते थांबतच नसतील तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत आहे असे समजून प्रवास रद्द करावा. त्यावर कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचा गंजरोधक द्रव) बदलून काही उपयोग होत नाही. पाणी गरम होऊन वर येऊ लागण्यापूर्वी इंजिन बंद करावे.

झाकणाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वांत स्वस्त भाग असूनही त्याची सर्वाधिक उपेक्षा होते. झाकणावर बहुधा ०.९ असा आकडा असतो. तो दाब आहे. समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारे पाणी सुमारे ८०० मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते, पण ०.९ बार इतका जादा दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली ते जवळजवळ ११८ अंशांपर्यंत तग धरते. रबर चिरले असेल तर ही सगळी सवलत गेली. झाकण नवे घ्यावे, आणि जुन्यावरचाच आकडा नव्यावर आहे ना, हे दुकानातच पाहावे.

त्यानंतर होस पाईप. वरचा, खालचा आणि विसरला जाणारा लहान बायपासचा, असे सर्व पाईप बोटांनी दाबून पाहावेत. दाबल्यावर आतून करकर आवाज आला, किंवा क्लिपजवळचा भाग फुगून लिबलिबीत लागला, तर पाईप बदलावा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत क्लिपा पाईपांच्या आधी मरतात. वॉटर पंपाच्या, म्हणजे गॅरेजात ज्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात त्याच्या खाली बारीक भोक असते. तेथून वाळलेल्या पाण्याचा पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले आहे. आपले आठ-दहा दिवसांचे पाणी बहुधा येथून किंवा एखाद्या क्लिपेतून जात असावे, असा माझा अंदाज आहे. वर्तमानपत्रावरच्या डागाची जागा पाहून तो ताडून घ्यावा.

थर्मोस्टॅट परत बसवावाच. तो नसल्यास इंजिन हवे तितके तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थोडे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगून तापवावा आणि त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, उदाहरणार्थ ८२, तो उघडू लागतो का हे थर्मामीटरने पाहावे. पंख्याची 'डायरेक्ट' वायरही काढून मूळ स्विच व रिले जोडून घ्यावे. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवल्यावर काटा मध्याच्या थोडा वर जाताच पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. रेडिएटरची जाळी लाल मातीने व किड्यांनी बुजली असेल तर आतल्या बाजूने, मंद धारेने धुवावी. जोराच्या धारेने पाती वाकतात.

विहिरीचे पाणी, विशेषतः किनाऱ्याजवळच्या खारट विहिरीचे, मुळीच घालू नये. तयार कूलंट तसेच ओतावे, दाट असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळावे. गोव्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे. त्याचे येथले मुख्य काम गंज रोखणे हे आहे. जुने कूलंट विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे ते कुळागराच्या पाटात किंवा कुत्र्या-मांजरांच्या वाटेवर ओतू नये.

एवढे झाल्यावर निघण्याच्या आठवडाभर आधी चार माणसांसह चोर्ला घाट चढून कणकुंबीपर्यंत जाऊन यावे. दुसऱ्या सकाळी रेडिएटर पुन्हा उघडून पाहावा. पातळी जराही उतरली नसेल तर आई-वडिलांना घेऊन अवश्य जावे.

प्रश्न : घाटात काटा लाल खुणेकडे गेलाच तर गाडी थांबवून लगेच पाणी ओतावे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. प्रथम एसी बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण उघडावा, म्हणजे काही उष्णता तिकडून निघून जाते, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. वाफ किंवा गळती दिसत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. बॉनेट उघडून निदान पाऊण तास थांबावे. वरचा होस पाईप दाबल्यावर मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये, आणि मगही जाड फडके ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून दाब जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड वाकते किंवा तडकते. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पाणी पूर्ण निघून गेले तर काट्याचा सेन्सर कोरडा पडून काटा अचानक खाली येऊ शकतो. चढणीवर गरम झालेल्या गाडीचा काटा आपोआप उतरला तर गाडी पुढे हाकू नये, थांबवून रेडिएटर पाहावा.